न तोललेला गूळ

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, रोहण्याला ताईला खरंच गुळाने तोललं का? ती सांगत नाही, आणि आई म्हणते आजीला विचार."

तुझी शाळेची बस यायची वेळ झाली होती म्हणून मी विषय बदलला. पण खरं कारण ते नव्हतं. ताईला विचारल्याशिवाय मला त्याविषयी बोलायचं नव्हतं. मग तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण मला बिचारी करू नकोस." म्हणून लिहिते आहे, तुम्हा दोघांसाठी. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीतच लिहिते, कारण यातली माणसं इंग्रजीत बोलूच शकत नाहीत. कुठे अडलं तर आईला मोठ्याने वाचून दाखवायला सांग. आत्याआजीचं बोलणं तर मोठ्यानेच वाचायला हवं.

ताई वेळेच्या बरीच आधी जन्मली. तेव्हा तुझे आईबाबा इथेच, सिंदी मेघ्याच्या या घरात माझ्याजवळ राहत होते. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि आम्हाला काचेबाहेरून बघायची परवानगी होती. रोज सकाळी नर्स तिचं वजन करून बाहेर येऊन सांगायची. वजन थोडं जरी वाढलं तरी तुझे बाबा जिना उतरून पेढे आणायला जायचे. कमी झालं असेल तर कुणी कुणाशी बोलायचं नाही. आमच्या घरात 'वजन' हा शब्द तेव्हापासून आनंदाचा होता. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आत्याआजी ही तुझ्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. मी तिला वन्सं म्हणायची. लहान वयात नवरा गेला म्हणून ती माहेरी परत आली आणि रोहण्याजवळच्या आपल्या शेतावर राहिली. पुढे माझ्या पुतण्याला हाताशी घेऊन तिने ते शेत चालवलं. बांधावरच्या कडुनिंबाखाली मातामायचं ठाणं आहे, शेंदूर लावलेले साधे दगड. ताई पेटीत असताना वन्सं तिथे गेली आणि म्हणाली, "माय, हे पोट्टी वाचू दे. हिच्या भारोभार गूळ वाटीन."

भारोभार म्हणजे वजनाइतका. तराजूच्या एका पारड्यात मूल बसवायचं, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या चढवायच्या, दांडी सरळ झाली की तो गूळ फोडून गावाला वाटायचा. असे नवस बहुतेक रांगत्या मुलांचे फेडतात. मूल पारड्यात बसून गूळ चाटतं आणि सगळे हसतात.

पण ताई रांगायच्या आतच तुझ्या बाबांना कॅनडात नोकरी लागली. त्यानंतर तुम्ही आलात तेव्हा दर वेळी काहीतरी आड आलं. कधी सुतक, कधी ताप, कधी शेतात गुडघाभर चिखल. नवस तसाच राहिला आणि आमच्या घरात त्याची थट्टा होऊन गेली. वन्सं म्हणायची, "मातामाय घाई नाई करत. पण पोट्टी वाढून राह्यली ना बापा, तसा गूळ बी वाढते!" दर फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा, "किती भेल्यांची झाली माय तू?" ताई लहान असताना ओरडून सांगायची, "पाच भेल्या!" कधी म्हणायची, "शंभर!" आणि इकडे वन्सं कपाळावर हात मारून घ्यायची. "शंभर! आता त ट्रकच सांगा लागन!"

बाराएक वर्षांची झाल्यावर ताई त्या प्रश्नाला उत्तर देईनाशी झाली. "आईला देते," म्हणायची आणि फोन आईच्या हातात जायचा. आम्हाला वाटलं, वय झालं, लाजते.

त्यानंतरचं तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहेस. पोळीचे बारीक बारीक तुकडे, ताटभर फिरवलेला घास, "शाळेत खाल्लं", घरात हीटर चालू असताना अंगावर दोन स्वेटर. माझ्यापर्यंत ते सारं तुझ्या आईच्या आवाजातून आलं. ती मोजून मापून बोलणारी मुलगी, पण त्या दिवशी फोनवर तिचं वाक्य पुरं होईना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. हेही सांगितलं होतं की अशा आजाराला एकच कारण नसतं, ते शोधत बसू नका. मी म्हटलं, "मी काय करायचं तेवढं सांग."

तिने सांगितलं. बारीक झालीस म्हणायचं नाही, भरलीस म्हणायचं नाही, छान दिसतेस हेसुद्धा नाही. ताटाकडे बघायचं नाही. आणि जेवलीस का, असं विचारायचं नाही.

मी शिस्तीची बाई आहे, सांगितलेलं पाळते. पुढच्या रविवारी ताई फोनवर आली आणि माझ्या लक्षात आलं की मला बोलायला काही उरलंच नाही. तू कधी लक्ष दिलंस का? आपण दूधवाल्याला विचारतो, जेवण झालं का. शेजारीण फाटकातून डोकावते ती हेच विचारायला. माणूस गेलेल्या घरीसुद्धा दुसऱ्या दिवशी जाऊन आपण म्हणतो, थोडं खाऊन घ्या. माझ्या आईने मला कधी 'तू मला आवडतेस' म्हटलं नाही. आमच्याकडे ते कुणी म्हणतच नसे. ती विचारायची, जेवलीस का. एवढा एक प्रश्न काढून घेतला आणि माझ्या हातात हवामान तेवढं उरलं. मग मी ताईला अंगणातल्या पेरूच्या झाडाबद्दल सांगू लागले. त्यावर पोपट येतात. मुंगसाचं एक जोडपं कुंपणाखालून जातं. ती ऐकायची, "हं" म्हणायची. फोन ठेवल्यावर तो न विचारलेला प्रश्न घेऊन मी घरभर फिरत राहायची.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात ताई आणि आई आल्या. तुझ्या परीक्षा होत्या म्हणून तू आणि बाबा तिकडेच राहिलात. ताई तोवर उपचारांनी बरीच सावरली होती, पण डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हणताना पुष्कळ अटी घातल्या होत्या. नागपूरच्या विमानतळावर जाताना मी गाडीत तयारी करत होते की पहिलं वाक्य काय बोलायचं. ती बाहेर आली. डोळ्यांखाली सावली, अंगात माझ्यासारख्या तिघी मावतील असा कोट. मी म्हटलं, "प्रवास कसा झाला?" आणि तिचा हात हातात घेतला. तो हात बर्फासारखा होता. त्या एका वाक्यामागे मी काय काय गिळलं, ते माझं मला माहीत.

घरी जेवायला बसलो की आई तिच्या शेजारी बसे. ठरलेलं ताट, ठरलेला वेळ. मी ताटाकडे बघायचं नाही म्हणून समोरच्या लोणच्याच्या बरणीकडे बघत असे. त्या बरणीवरचं लेबल मला अजून पाठ आहे.

वन्संला तोवर काहीबाही कळलं होतं. तिचा फोन आला.

"काऊन वो मास्तरीणबाई, पोट्टी वाळून राह्यली म्हणते, अन् तुम्ही डॉक्टर डॉक्टर करून राह्यले? मातामायले देल्ला शब्द तसाच पडला हाये. मंग का होईन?"

"वन्सं, हा न जेवण्याचा आजार आहे. कोपबिप नाही."

"न जेवायचा आजार? काऊन, घरात का कमी हाये?"

"काही कमी नाही. तिचं मन तिला खाऊ देत नाही."

"मन? मंग त मातामायच पायजे. डॉक्टरच्या हाती मन थोडीच सापडते."

मी नाही म्हणाले. ताईला मात्र आत्याआजीला भेटायचं होतं. "फक्त भेटायचं. तोलणार नाहीत ना?" तिने मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, "नाही. मी आहे ना." वन्संलाही मी स्पष्ट सांगितलं की आम्ही फक्त दर्शनाला येतो. "या त खरं," ती म्हणाली. चाळीस वर्षं तिची भावजय असूनही त्या दोन शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही.

पुलगाव मागे पडलं तसं ताईने काच खाली केली. दोन्हीकडे तूर, शेंगांनी वाकलेली. कापसाची वेचणी चालू होती. ती बराच वेळ बाहेर बघत होती आणि तिचा चेहरा मला लहानपणीसारखा दिसला. मग गाडी बांधाला वळली. कडुनिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात घोंगडी घडी करून अंथरली होती आणि खाली पोत्यावर गुळाच्या भेल्या रचल्या होत्या. आजूबाजूच्या शेतांतल्या बाया जमल्या होत्या.

ताई माझ्याकडे बघत होती. मी काही बोलायच्या आत एक जण पुढे आली आणि तिच्या दंडाला हात लावून म्हणाली, "अगं माय, किती बारीक वो! आजीचा गूळ त वाचला बापा!" सगळ्या हसल्या. प्रेमाने हसल्या, हे तुला सांगायला हवं. आपल्याकडे दुरून आलेल्या मुलीचं स्वागत असंच करतात.

तेवढ्यात माझा पुतण्या घरातून इलेक्ट्रिक काटा घेऊन आला. तो भाजी पिकवतो, मला मोठीआई म्हणतो. फुलकोबी, वांगी आर्वीच्या बाजाराला नेण्याआधी त्याच काट्यावर तोलतो. "मोठीआई, आधी याच्यावर उभी करू हिले. आकडा कळला का तेवढ्याच भेल्या चढवू. घोळ नाई." त्याने बटण दाबलं. काटा टूं टूं वाजला आणि त्यावर लाल शून्य उमटलं.

ताई त्या लाल शून्याकडे बघत राहिली. मग वळली आणि गाडीत जाऊन बसली. दार लावून घेतलं.

तुझी आई निघाली होती. मी तिला थांबवलं. ती वर्षभर एकटी लढत होती, तेवढं एक दार तरी मी उघडावं असं मला वाटलं. मी जाऊन ताईशेजारी बसले.

"आजी, तू म्हणाली होतीस, नाही."

"म्हणाले होते. आत्ता जाऊन सगळं खाली उतरवायला लावते."

"आत्याआजी रडेल."

"रडू दे. ओरडेल आधी."

तिला थोडं हसू आलं आणि लगेच गेलं. ती कोटाच्या बाह्या ओढत म्हणाली, "तिकडे क्लिनिकमध्ये मला उलटं उभं करतात, काट्याकडे पाठ करून. आकडा नर्स बघते, मला सांगत नाही. तरी माझ्या डोक्यात तोच असतो. सगळे मला मोजतात, आजी. आई घास मोजते. तू त्या बरणीकडे बघतेस, तेही मला कळतं. या बायका हसतात, तेव्हासुद्धा मोजतात. मला एक दिवस असा हवा आहे की कुणीच मोजणार नाही."

मी तिचा थंड हात माझ्या शालीत घेतला.

पलीकडच्या काचेवर काठीचे ठोके पडले. वन्सं आली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे चुकून ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहून ती स्टिअरिंगलाच म्हणत होती, "उघड वो माय." मी तिला पुढच्या सीटवर बसवलं. "हे गाडी हाये का पाळणा? बुडालीच म्या याच्यात," ती कुरकुरली. मग मागे हात लांब करून चाचपडत ताईचा गुडघा शोधला, मग हात.

"थंडा हाये हात तुया."

"आत्याआजी, मी त्यात बसणार नाही," ताई म्हणाली. सरळ. मला तिच्याकडून एवढ्या सरळ वाक्याची सवय राहिली नव्हती.

"काऊन माय?"

"मला भीती वाटते."

"पडशीन म्हणून? दोरी पक्की हाये."

"नाही. काट्याची."

बाहेर बायका एकमेकींना काहीतरी विचारत होत्या. वन्सं म्हणाली, "मले विहिरीची वाटते. माया लहाना भाऊ बुडाला, तवापासून म्या विहिरीत वाकून नाई पाह्यलं. पाणी रोज पेतो त्याच विहिरीचं. पण वाकून नाई पाहत. घरात कोणी मले म्हटलं बी नाई का पाह्यच म्हणून."

तिने ताईचा हात दोन्ही हातांत धरून थोडा वेळ चोळला. "बरं," म्हणाली. "चाल मंग. माया संगं तेवढी उभी राह्यजो."

ताई उतरली. का उतरली, मी विचारलं नाही. वन्संला काठी होती, तरी तिने ताईचा खांदा धरला आणि दोघी ठाण्यापाशी गेल्या. वन्सं मातामायशी बोलायची तेव्हा नेहमी मोठ्याने बोलायची, जणू देवीही तिच्यासारखीच कमी ऐकणारी.

"माय, म्या तवा भारोभार म्हटलं होतं. पोट्टी भेते. तिले भेव घालून देल्ला गूळ तुले गोड लागन का? तोलत नाई आता. हिच्याच हातानं वाटतो. जेवढा हिच्या ओंजळीत बसन तेवढा, सगळ्याइले. तुले पटलं नाई त मले पाह्यजो, हिले नाई."

मागून एक बाई म्हणाली, "नवस असा बदलता येते का वो आजी?"

"बोलली मी होती का तू?" वन्सं वळलीसुद्धा नाही. मग पुतण्याला म्हणाली, "उतरव ते पारडं. अन् तुयं ते टूं टूं घरात ने, कोबी तोल."

भेल्या दगडाने फोडल्या. ताई पोत्यावर बसली आणि ओंजळ भरभरून गूळ देऊ लागली. कुणी पदर पुढे केला, कुणी वाटी, एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपीच काढून धरली. "टोपीत नाई, मुंग्या चावतील," असं कुणीसं म्हटलं आणि ताई मोठ्याने हसली. मघाची ती बाईही रांगेत आली. तिने ताईच्या दंडाला हात लावला नाही. "दे माय," एवढंच म्हणाली. ऊन वर आलं तसा ताईने कोट काढून बाजूला ठेवला. हातांना गूळ चिकटून चिकटून बोटं काळपट झाली होती. मध्येच केस तोंडावर आले, ते तिने मनगटाने मागे सारले, आणि अंगठ्याला लागलेला गुळाचा खडा सहज तोंडात टाकला. आपण सगळे टाकतो तसा. आणि पुढच्या माणसासाठी ओंजळ भरली.

मी पाहिलं. शेजारी तुझ्या आईने पाहिलं. आम्ही दोघींनी एकदम मान फिरवली आणि तुरीकडे बघू लागलो, इतकं निरखून की पुतण्या जवळ येऊन काळजीने म्हणाला, "अळी दिसली का, मोठीआई?"

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. नाही, ताईला तोललं नाही.

त्या गुळाने ती बरी झाली असं मात्र समजू नकोस. दोनच दिवसांनी ती वाटीभर उपम्यासमोर रडली, आणि परत गेल्यावरचे महिने कसे होते ते तू पाहिले आहेस. तिला जे सावरतं आहे ते तिचे डॉक्टर, तुझी आई आणि ती स्वतः. वन्सं पुढच्या उन्हाळ्यात गेली. शेवटच्या आजारातही ती फोनवर ताईशी बोलायची, पण भेल्यांचं नाव नाही. "विहिरीत नाई पाह्यलं ना वो आज?" असं विचारायची आणि दोघी हसायच्या. आम्हा बाकीच्यांना त्या हसण्यात जागा नव्हती. मला त्याचा हेवा वाटायचा. वन्संकडे तिच्यासाठी एक प्रश्न होता, माझ्याकडे नव्हता.

त्या दिवशी वाटून एक भेली उरली. ती वन्संने माझ्या पिशवीत टाकली, का ते सांगितलं नाही. स्वयंपाकघरात खालच्या फळीवर स्टीलच्या डब्यात ती आहे. पावसाळ्यात तिला पाणी सुटतं, हिवाळ्यात पुन्हा घट्ट होते. आता रंग पार काळा पडला आहे. मी ती वापरत नाही आणि टाकतही नाही. डबा पुसते, परत ठेवते. तुम्ही दोघे याल तेव्हा बघू. तू बेधडक ये, तुझा नवस कुणी बोललेला नाही.

हल्ली रविवारी मी सकाळचा चहा घेऊन बसते तेव्हा तिकडे तुमची शनिवारची रात्र असते, ताईच्या जेवणाची वेळ. काही महिन्यांपूर्वी तिने आपणहून सांगितलं, "आजी, मी जेवताना तू फोनवर राहा. पण कॅमेरा नको." तेव्हापासून ती फोन पालथा ठेवते आणि मला काळा पडदा दिसतो. मी पेरूबद्दल बोलते. पोपट, मुंगसं, फाटकाचा गंज. जेवलीस का, हे शब्द अजून दर वेळी जिभेवर येतात आणि मी त्यांच्यावर चहाचा घोट घेते. पलीकडे चमचा वाटीवर वाजतो. मग थांबतो. मीही थांबते, आणि लगेच आठवून पुन्हा बोलायला लागते, की या वर्षी पेरूला बहर फार आला, फांद्या कुंपणाबाहेर गेल्या, रस्त्यावरची मुलं तोडून नेतात, नेऊ देत. चहा गार होतो. मी बोलत राहते. मग चमचा पुन्हा वाजतो.